पाण्याचा जमाखर्च : खासगी भांडवलाच्या जलविद्युत् धरणांचा एक अभ्यास

जवाहर चौकातील आमच्या सायंकाळच्या बैठकीत गेल्या वर्षभरात एक विषय वारंवार निघाला. आपल्या काही तरुण सभासदांपुढे, डोंगराळ मुलखातील एका नदीवर बांधावयाच्या लहान जलविद्युत् धरणात भाग घेण्याचा प्रस्ताव आला होता. तरुणांचे म्हणणे असे की, औष्णिक केंद्राला कोळसा विकत घ्यावा लागतो, पाणी मात्र आकाशातून फुकट मिळते. ज्या धंद्यात कच्चा माल फुकट, त्यात तोटा यावा कोठून? वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, धरण बांधणे हे सरकारचे काम; किराणा, कापड आणि सराफी ह्यांत हयात गेलेल्या माणसाने त्या पाण्यात पाय घालू नये. दोन्ही पक्ष आपापल्या मतावर ठाम होते. अभ्यास मात्र दोन्ही पक्षांचा बेताचाच होता. आम्हीही त्याला अपवाद नव्हतो.

त्या अपुऱ्या अभ्यासाची थोडीबहुत भरपाई व्हावी म्हणून हा लेख स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहो. खासगी पैशाने धरण उभे राहू शकते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. ते ‘होय’ असे आहे. त्याहून अवघड प्रश्न असा की, धरणाच्या वहीत कोणकोणती खाती मांडली पाहिजेत, आणि त्यांतील एखादे मांडावयाचे राहिले तर पुढे काय होते. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस प्रथम लोणावळ्याच्या घाटात, नंतर मुळशीच्या खोऱ्यात आणि अखेर आपल्याच मध्य प्रदेशातील नर्मदेच्या काठी जावे लागेल.

पडणाऱ्या पाण्याचे मोल

प्रथम माल ओळखून घेऊ. जलविद्युतीच्या धंद्यात नुसत्या पाण्याला किंमत नसते. किंमत असते ती पाणी आणि पाणी पडण्याची उंची ह्यांच्या गुणाकाराला. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाण्याचे वजन एक टन भरते. हे एक टन पाणी ५०० मीटर उंचीवरून खाली आणले, तर त्यात सुमारे १.३६ युनिट विजेइतकी शक्ती असते. यंत्रांतील आणि नळांतील घट वजा जाता त्यांपैकी १.१५ युनिटच्या आसपास वीज हाती येते. तेच पाणी २० मीटर उंचीवरून पडले, तर हाती येणारी वीज ०.०४६ युनिट, म्हणजे एका युनिटच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. ज्या कामाला उंच कड्यावर एक घनमीटर पाणी पुरते, त्याच कामाला सखल नदीवर पंचवीस घनमीटर लागतात. पर्वतीय नद्यांकडे भांडवलवाल्यांचे डोळे लागतात ते ह्याच कारणाने.

परंतु डोंगरातील नदीचा एक दोषही व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावा. सह्याद्रीवरील पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांचा असतो. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण फाल्गुनात त्याच ओढ्यांत घागर बुडत नाही. गिऱ्हाइकाला मात्र वीज बारा महिने हवी असते. हंगामात धान्य भरून ठेवावे आणि वर्षभर विकावे, ह्यासाठी व्यापारी जसे कोठार बांधतो, तसे धरण हे पाण्याचे कोठार होय. त्याची भिंत, जादा पाणी सोडण्याचा सांडवा, तेथून निघणारा कालवा, कड्यावरून खाली उतरणारे पोलादी नळ आणि पायथ्याचे वीजघर, असा हा सगळा संसार असतो. फार उंचीवरून येणाऱ्या पाण्याची धार ज्या चाकाच्या वाट्यांवर आदळते त्याला पेल्टन चक्र म्हणतात. अशी जलचक्रे आणि जनित्रे आपल्या भोपाळातही तयार होतात. १९५६ साली स्थापन झालेला येथील अवजड विद्युत् यंत्रांचा कारखाना, ज्याला आपण आज भेल म्हणून ओळखतो, त्या कामाबद्दल देशभर प्रसिद्ध आहे.

लोणावळ्याचा प्रयोग

मुंबईच्या कापडगिरण्या एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालत. त्यांचा कोळसा दूर बंगालकडून येई; त्याच्या किमतीत वाहतुकीचा खर्च मोठा असे, आणि धुराने शहर काळवंडत असे ते निराळेच. नागपुरास १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेटजी टाटा हे स्वतः गिरणीवाले असल्यामुळे कोळशाची ही झळ त्यांना पुरती ठाऊक होती. पश्चिम घाटावर कोसळणारा पाऊस अडवून त्याची वीज मुंबईस न्यावी, ही कल्पना डेव्हिड गॉस्लिंग ह्या मुंबईतील तंत्रज्ञाने पुढे मांडली आणि जमशेटजींनी ती उचलून धरली. ती प्रत्यक्षात आलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९०४ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव दोराबजी आणि सहकारी ह्यांनी काम पुढे नेले.

हे धाडस किती मोठे होते ते समजण्यास त्या काळाची आठवण हवी. म्हैसूर संस्थानाने कावेरीवर शिवसमुद्रम येथे १९०२ साली वीज काढली होती; पण ते राज्याच्या खजिन्याचे काम होते, आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींसारखे पक्के गिऱ्हाईक त्याला आधीच मिळालेले होते. येथे मात्र पैसा भागधारकांचा होता. स्वदेशी भांडवलावरील विश्वास नुकताच कोठे जागा झाला होता. १९०७ साली टाटांच्या पोलादाच्या कंपनीस लंडनच्या बाजारात हवे तसे भांडवल मिळेना, तेव्हा ते हिंदुस्थानात मागितले गेले आणि थोड्याच आठवड्यांत पुरे भरले. पुढे त्या कंपनीचे कर्जरोखे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे ह्यांनी एकट्याने घेतले. आपल्या ह्या प्रांताशी जोडलेली ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी.

नोव्हेंबर १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची नोंदणी झाली. तिचेही भागभांडवल ह्याच देशात उभे राहिले, आणि ते भरणाऱ्यांत संस्थानिक होते तसे व्यापारीही होते. फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्यास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या हस्ते पायाचा दगड बसला. लोणावळा, वळवण आणि शिरवते अशी तीन तळी बांधण्यात आली. त्यांचे पाणी कालव्याने खंडाळ्याच्या बाजूस आणून, तेथून पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात सोडण्यात आले. वीज सुमारे ७० किलोमीटर लांबीच्या तारांनी मुंबईत परळपर्यंत आली, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांनी ती सुरू केली. पायाभरणीपासून विक्रीपर्यंत काळ लागला तो चार वर्षांचा.

पुढे आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण होऊन १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले, आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे. ह्या तीन कंपन्या २००० साली एकत्र झाल्या. तीनही वीजघरे मिळून ४४७ मेगावॉट क्षमता आजही मुंबईच्या सेवेत आहे. ज्या घाटात हे नळ उतरले, त्याच घाटात १९२० नंतरच्या दशकात रेल्वेचे बोगदे खोदण्याचे काम सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील वालचंद हिराचंद ह्यांच्या कंपनीने केले. पेढीवर बसणारा माणूस डोंगर फोडू शकत नाही, असे म्हणणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्या मित्रांनी ह्या घाटातून एकदा आगगाडीने जरूर जावे.

ह्या यशाची कारणे तीन दिसतात. पडणीची उंची असामान्य होती. गिऱ्हाईक एकच नसून अनेक गिरण्या होत्या. त्या नगद पैसा मोजणाऱ्या होत्या आणि हाकेच्या अंतरावर होत्या. आणि काम वेळेत पुरे झाले. तिसरे कारण वाचावयास साधे वाटते, परंतु भांडवलाच्या दृष्टीने तेच सर्वांत वजनदार आहे.

पैसा केव्हा सुटतो

दुकानात माल भरला की दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यात थोडेतरी पैसे पडू लागतात. धरणाचे तसे नसते. नव्वद टक्के भिंत बांधून झाली तरी एक पैची वीज निघत नाही. तोपर्यंत कर्जाचे व्याज मात्र रात्रंदिवस चढत असते.

कल्पना करू की, एका धरणासाठी दरवर्षी २० लाख रुपये ह्याप्रमाणे पाच वर्षांत १ कोटी रुपये कर्जाने घेतले. प्रत्येक हप्ता वर्षाच्या आरंभी उचलला आणि व्याज दरसाल १० टक्के चक्रवाढीने धरले. पाचव्या वर्षाअखेर देणे होते सुमारे १ कोटी ३४ लाख. आता भांडण, परवाने किंवा पुनर्वसन ह्यांपैकी कोणत्याही कारणाने वीज सुरू होण्यास आणखी पाच वर्षे लागली असे समजा. सिमेंटची एक गोणीही जादा लागली नाही, तरी देणे २ कोटी १६ लाखांवर जाते. विजेचा दर ह्या वाढलेल्या आकड्यावर बसवावा लागतो, आणि दर वाढला की गिऱ्हाईक मागे फिरते. पाणी फुकट असते हे खरे. परंतु पाण्याची वाट पाहणे फार महाग असते. लोणावळ्याच्या चार वर्षांचे मोल आता वाचकांच्या ध्यानात येईल.

मुळशीचे न मांडलेले खाते

इथपर्यंतची कथा अभिमानाने सांगण्यासारखी आहे. पण धरणाच्या तळ्याखाली जमीन जाते, आणि ती जमीन कोणाची तरी असते. पहिल्या दोन योजनांतही शेते बुडाली. परंतु संघटित आवाज उठला तो मुळशीस.

नीला आणि मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ धरण घालण्याचे ठरले, तेव्हा पुणे जिल्ह्यातील मावळ भागातील सुमारे पन्नास गावांवर संकट आले. भाताची ती खाचरे पिढ्यान्‌पिढ्या कसलेली होती. धारकऱ्यांना न विचारता जमिनीत चाचणीचे चर खोदले गेले, तेव्हा असंतोष भडकला. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमीन खासगी कंपनीसाठी घेण्याचे ठरविले होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती ह्याच लढ्यात. पुरुष तुरुंगात गेले तशा स्त्रियाही गेल्या. महात्मा गांधींनी आपल्या ‘यंग इंडिया’ पत्रातून टाटांना, कायद्याचा हक्क पुढे न करता प्रत्यक्ष लोकांशी बोलून त्यांना पटवावे, असा सल्ला त्याच वर्षी दिला होता. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण पुरे झाले.

ह्या प्रकरणातील एक गोष्ट व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत लिहिताना आम्हांला संकोच वाटतो, तरी ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुळशी खोऱ्यातील पुष्कळ जमीन कागदोपत्री सावकारांच्या नावे गेलेली होती. मोबदल्याचा आकडा वाजवी ठरला की सावकाराचा प्रश्न सुटत होता. नांगर धरणाऱ्याचा सुटत नव्हता. ज्याच्या नावाचा उतारा, त्याला पैसे. आणि ज्याचा घाम, त्याला वाट. कायद्याच्या वहीत हिशेब पुरा झाला. परंतु कुळांचे, मजुरांचे आणि गावच्या कारागिरांचे खाते त्या वहीत उघडलेच गेले नव्हते.

२०२१ साली ह्या सत्याग्रहास शंभर वर्षे झाली. विजेच्या त्या तारांनी शंभर वर्षे मुंबई उजळली, ही गोष्ट खरी. आणि शंभर वर्षांनंतरही मुळशीचे नाव निघाले की बुडालेल्या गावांचा विषय निघतो, हीही गोष्ट तितकीच खरी. आणखी एक हिशेब पाण्याचा आहे. ह्या नद्यांचे पाणी स्वभावतः पूर्वेस भीमेकडे जावयाचे. वीजघरांनी ते पश्चिमेस कोकणात उतरविले. खोपोलीचे अवजल पाताळगंगेत, भिवपुरीचे उल्हास नदीत आणि भिऱ्याचे कुंडलिकेत जाते. त्यावर आज कोकणातील गावे आणि कारखाने अवलंबून आहेत, तर पूर्वेकडील लोक आपल्या वाट्याचे पाणी परत मागतात. एकदा वळविलेले पाणी दोन्ही बाजूंच्या तहानेला उत्तर देणे लागते.

सरकारी धरणांत हे खाते आपोआप पुरे होते, असे मात्र कोणी समजू नये. १९४८ चा वीजपुरवठा कायदा आणि १९५६ चे औद्योगिक धोरण ह्यांनंतर वीजनिर्मिती मुख्यतः शासनाकडे गेली. कोयना, चंबळेवरील गांधीसागर, आणि पुढे नर्मदेवरील इंदिरासागर ही सारी सार्वजनिक पैशाची कामे आहेत. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या मागण्या साठ वर्षांनंतरही पुऱ्या झालेल्या नाहीत, आणि हरसूद हे आपल्या प्रांतातील नांदते गाव २००४ साली इंदिरासागरासाठी रिकामे झाले ते आपल्यांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. दोष मालकीच्या प्रकारात नाही. दोष वहीच्या आखणीत आहे.

नर्मदेकाठची भिंत

१९९१ नंतर वीजनिर्मितीचे दार खासगी भांडवलास पुन्हा उघडले. आपल्या प्रांतात त्याचे पहिले मोठे उदाहरण म्हणजे महेश्वर प्रकल्प. खरगोन जिल्ह्यात मंडलेश्वरजवळ नर्मदेवर प्रत्येकी ४० मेगावॉटची १० यंत्रे, म्हणजे एकूण ४०० मेगावॉट, अशी ही योजना. १९९० नंतरच्या दशकात ती एका खासगी कंपनीकडे देण्यात आली, आणि तिची वीज राज्याच्या वीज मंडळाने विकत घ्यावयाची असा करार झाला.

लोणावळ्याशी ह्याची तुलना करून पाहावी. येथील नदी पर्वतावरून कोसळणारी नाही. ती निमाडाच्या सखल, सुपीक मळ्यांतून वाहते. पडणीची उंची थोडी, म्हणून पाणी पुष्कळ हवे, आणि पाण्याचा फुगवटा लांबवर पसरणार. बाधित गावांची संख्या ६१ सांगितली जाते. गिऱ्हाईक एकच, आणि त्याची स्वतःची पत पैसे थकविण्याबद्दल प्रसिद्ध. गावकऱ्यांनी नर्मदा बचाव आंदोलनाच्या आश्रयाने आरंभापासून विरोध केला. ‘आमच्या जमिनीच्या बदल्यात जमीन कोठे आहे?’ असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्याचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळे अमेरिकन आणि जर्मन भागीदार एकामागून एक बाहेर पडले. पुढे देशातील वित्तसंस्थांनी कर्ज दिले. भिंत उभी राहिली, दरवाजे बसले. पुनर्वसन अपुरे म्हणून २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश काढला. गावे हलल्यावाचून तळे भरता येत नव्हते, आणि तळे भरल्यावाचून वीज विकता येत नव्हती. व्याज चढत गेले आणि त्याबरोबर विजेचा संभाव्य दरही चढत गेला. अखेर एप्रिल २०२० मध्ये राज्य शासनाने वीजखरेदीचा करार रद्द केला. विक्रीची वीज त्या भिंतीतून कधीच निघाली नाही.

येथे कोणा एकास दोषी ठरविण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला दिसते ते एवढेच : मुळशीस जे खाते वहीत न लिहिताही धरण पुरे होऊ शकले, तेच खाते न लिहिल्यामुळे महेश्वरचे धरण बुडीत गेले. शंभर वर्षांत काळ एवढा पालटला आहे. विस्थापिताचे देणे पूर्वी त्याच्या कपाळी लिहिले जाई. आता ते भागधारकाच्या ताळेबंदात उमटते. २०१४ च्या आरंभापासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याने तर खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची झाल्यास बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती सांगितली आहे, आणि उपजीविका गमावणाऱ्या कुळांचा व मजुरांचाही विचार करावयास लावला आहे. मुळशीस जो न्याय मागितला गेला, त्याचा काही अंश कायद्यात यावयास नव्वद वर्षे लागली.

पर्वताचा स्वभाव

डोंगराळ नदीविषयी आणखी एक सावधगिरी सांगावीशी वाटते. सह्याद्रीचा काळा खडक जुना आणि कणखर आहे. लोणावळ्याच्या भिंती शंभर वर्षे टिकल्या त्यात त्याचा मोठा वाटा आहे. हिमालय मात्र वयाने लहान, ठिसूळ आणि सदा हालचालीत असलेला पर्वत आहे. त्याच्या नद्या गाळ आणि वाळू घेऊन येतात, आणि ती वाळू यंत्राची पोलादी पाती कानशीसारखी झिजविते. तेथे खासगी भांडवलास यश आले नाही असे नाही. हिमाचल प्रदेशात कुलू जिल्ह्यातील ८६ मेगावॉटचा मलाणा प्रकल्प कापडधंद्यातील एका उद्योगसमूहाने २००१ साली सुरू केला. परंतु ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमतळे फुटले, आणि १,२०० मेगावॉटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचे चुंगथांग येथील धरण त्या लोंढ्यात वाहून गेले. ज्या प्रकल्पाने अवघ्या सहा वर्षांपूर्वी वीज देण्यास आरंभ केला होता, त्याची भिंत एका रात्रीत नाहीशी झाली. खाली राहणाऱ्या माणसांचे जे गेले त्याला तर विम्याचा कागद पुरत नाही.

सही करण्यापूर्वी

आता आमच्या तरुण मित्रांच्या प्रस्तावाकडे वळू. ह्या अभ्यासातून आम्ही पाच प्रश्न काढले आणि ते त्यांच्या हाती दिले. वाचकांसही ते उपयोगी पडावेत.

पहिला : पडणीची उंची किती, आणि नदीच्या पाण्याची मोजणी किती वर्षांची आहे? दोन चांगल्या पावसाळ्यांवर बांधलेला हिशेब तिसऱ्या वर्षी कोसळतो.

दुसरा : गिऱ्हाईक कोण, किती, आणि त्यांची पत काय? एकाच उधारखाऊ गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही; धरणही चालत नाही.

तिसरा : काम पाच वर्षे लांबले तर व्याज भरण्याची ताकद आहे काय? नसेल, तर लाभांशाची स्वप्ने पाहू नयेत.

चौथा : वरच्या बाजूचा पर्वत आणि खालच्या बाजूची वस्ती, ह्या दोहोंची पाहणी कोणी केली आहे? पूर आला तर सूचना कोण, कोणाला, किती वेळ आधी देणार?

पाचवा : तळ्याखाली कोणाचे काय जाते? केवळ उताऱ्यावरील नावे नकोत. कूळ, मजूर, मेंढपाळ, कोळी, सुतार, लोहार अशी घरागणिक यादी हवी, आणि प्रत्येकास काय, कोठे व केव्हा मिळणार हे भिंतीचा पहिला दगड बसण्यापूर्वी लिहिलेले हवे.

तरुण सभासदांनी हे प्रश्न घेऊन प्रस्तावाचे कागद पुन्हा वाचले. पाण्याच्या आकड्यांना, यंत्रांना आणि नफ्याच्या कोष्टकांना मिळून चाळीसहून अधिक पाने दिलेली होती. बुडणाऱ्या जमिनीविषयी एकच ओळ होती : ‘जमीन यथाकाळ उपलब्ध होईल.’ त्या ओळीखाली आमच्यापैकी एका वृद्ध सभासदांनी पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाले, “बाळांनो, आमच्या पेढीवर जो देणेकरी आपले देणे वहीत लपवी, त्याला आम्ही उधार देत नसू. इथे तर देणेकरी आपणच होणार आहोत.” धरणाच्या पाण्यात पाय घालू नका असे सांगणारे तेच गृहस्थ होते, पण त्या दिवशी त्यांनी ‘नको’ म्हटले नाही. यादी मागवा, एवढेच म्हणाले.

कागद परत पाठविले आहेत, आणि घरागणिक यादी मागितली आहे. ती आली, आणि आपल्यांपैकी दोघे-तिघे त्या गावी जाऊन, तेथील माणसांच्या ओसरीवर बसून ती खरी असल्याची खात्री करून आले, तर पुढचा विचार होईल. ती आली नाही, तर ह्या व्यवहारात पैसा न घालणे हीच त्या पैशाची उत्तम गुंतवणूक, असे आम्ही समजू. दिवाळीस आपण नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहितो. पाण्याच्या वहीतही ते तसेच लिहिता आले पाहिजेत.